होस्ट कोसळतो तेव्हा : हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशनमधल्या बिघाडांचा आढावा

व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे गेस्टमध्ये, काहीही घडो, बाहेरच्या संगणकाला, म्हणजे होस्टला, त्याची झळ लागता कामा नये, ही हायपरवायजरची, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या नियंत्रकाची, पहिली हमी. १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात या हमीला नेमकं रूप दिलं. आतल्या प्रोग्रॅमला आपण खऱ्या यंत्रावरच चालतो आहोत असं वाटावं, बहुतेक सूचना प्रोसेसरवर थेट चालाव्यात आणि यंत्राच्या साधनांवरचा ताबा सर्वस्वी नियंत्रकाकडे राहावा, अशा त्यांच्या तीन अटी होत्या. तिसरी अट मोडली की काय होतं, हे व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर किंवा केव्हीएम वापरणाऱ्या अनेकांनी पाहिलेलं असतं. व्हर्च्युअल मशीन सुरू करायचं बटण दाबावं आणि आतली सोडून बाहेरचीच विंडोज निळी पडावी. किंवा लिनक्सचा अख्खा सर्व्हर लॉगमध्ये एक ओळही न लिहिता थिजून जावा.

यावर मिळणारे सल्ले ठरलेले आहेत. बायोसमध्ये जाऊन व्हीटी (प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय) बंद करा, हायपर-व्ही (विंडोजचा स्वतःचा हायपरवायजर) काढून टाका, जुनी आवृत्ती बसवा, रॅम बदलून बघा. यातला प्रत्येक सल्ला कुठल्या ना कुठल्या बिघाडाला लागू पडतो, म्हणून तो टिकून आहे. बाकीच्या बिघाडांना तो लागू पडत नाही, म्हणून माणसं सगळे सल्ले पाळूनही आहेत तिथेच राहतात. गेल्या वीस वर्षांत नोंदले गेलेले बिघाड शेजारी शेजारी ठेवले तर ते साधारण पाच घरांत बसतात : ताब्यावरून होणारी भांडणं, फर्मवेअर, कर्नलमधले ड्रायव्हर, खुद्द प्रोसेसर, आणि त्याच्या भोवतालचं हार्डवेअर. आपला बिघाड कोणत्या घरातला, हे ओळखण्याआधी केलेला उपाय लागू पडला तरी तो नशिबाचा भाग असतो.

प्रोसेसर या गोष्टीत आला कसा

पोपेक-गोल्डबर्ग यांच्या कसोटीचं सार असं, की यंत्राची अवस्था उघड करणारी किंवा बदलणारी प्रत्येक सूचना विशेषाधिकारात असली पाहिजे. म्हणजे सामान्य प्रोग्रॅमने ती वापरली की प्रोसेसरने थांबून नियंत्रकाला हाक मारली पाहिजे. इंटेलचं एक्स८६ घराणं या कसोटीत नापास होतं. जॉन रॉबिन आणि सिंथिया अर्व्हिन यांनी २००० साली पेंटियमच्या सूचना तपासून १७ सूचना अशा दाखवल्या, ज्या विशेषाधिकाराशिवाय चालतात आणि तरीही यंत्राची अवस्था उघडी पाडतात किंवा बदलू पाहतात. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ‘पॉपएफ’चं. इंटरप्ट चालू-बंद करण्याची खूण बदलायला ही सूचना वापरली आणि अधिकार नसेल, तर प्रोसेसर चूक दाखवत नाही, मुकाट्याने दुर्लक्ष करतो. नियंत्रकाला काही घडल्याचा पत्ताच लागत नाही.

यावर व्हीएमवेअरने १९९९ मध्ये सूचना चालता चालता बदलून घेण्याची, म्हणजे बायनरी ट्रान्सलेशनची वाट काढली. केंब्रिजमधून २००३ साली आलेल्या झेन या हायपरवायजरने गेस्टचा कर्नलच बदलायला लावला. नोव्हेंबर २००५ मध्ये इंटेलने पेंटियम ४ च्या ६६२ आणि ६७२ या दोन प्रोसेसरांत व्हीटी-एक्स आणलं आणि मे २००६ मध्ये एएमडीने एएमडी-व्ही. तेव्हापासून इंटेलच्या प्रोसेसरला दोन जगं आहेत : होस्टसाठी ‘रूट’ आणि गेस्टसाठी ‘नॉन-रूट’. एका जगातून दुसऱ्यात जाताना दोन्हींची अवस्था व्हीएमसीएस नावाच्या एका स्मृतिखंडात ठेवली जाते. गेस्टने काही संवेदनशील केलं की प्रोसेसर त्याला बाहेर काढतो आणि होस्टची जपून ठेवलेली अवस्था परत चढवतो. याला ‘व्हीएम एक्झिट’ म्हणतात.

सुरुवातीला हे हार्डवेअर वेगवानही नव्हतं. व्हीएमवेअरच्या कीथ अॅडम्स आणि ओले एगेसन यांनी २००६ साली दाखवलं की पहिल्या पिढीतल्या हार्डवेअर मदतीपेक्षा चांगलं बायनरी ट्रान्सलेशन अनेक कामांत सरस ठरतं. पुढे स्मृतीच्या पत्त्यांचं दुहेरी भाषांतरही प्रोसेसरनेच करायला सुरुवात केली, एएमडीने २००७ च्या बार्सिलोना पिढीत आणि इंटेलने २००८ च्या नेहालेममध्ये, आणि तराजू हार्डवेअरच्या बाजूने झुकला. डिसेंबर २०१९ मधल्या व्हर्च्युअलबॉक्स ६.१ ने सॉफ्टवेअरचा जुना मार्ग काढूनच टाकला. त्यामुळे ‘व्हीटी बंद करा’ हा सल्ला आज बहुतेक ठिकाणी ‘व्हर्च्युअल मशीन वापरू नका’ एवढाच उरतो.

या बदलाचा दुसरा परिणाम बिघाडांवर झाला. सॉफ्टवेअरच्या काळात चूक असायची ती हायपरवायजरच्या कोडमध्ये. आता प्रोसेसर, त्याचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं, बदलता येणारं कोड), मदरबोर्डचं फर्मवेअर आणि होस्टचा कर्नल हे सगळे पक्षकार झाले. व्हीएम एक्झिटनंतर होस्टची जी अवस्था चढवली जाते तिच्यात एखादा रकाना चुकीचा असला, तर होस्टचा कर्नल भलत्याच स्टॅकवर पाऊल टाकतो. त्या पातळीच्या खाली त्याला सावरणारं दुसरं कुणी नसतं.

आधी ठरवा, पडलं कोण

तपासाची पहिली पायरी कारण शोधण्याची नाही, काय कोसळलं ते पाहण्याची आहे. चार शक्यता असतात.

पहिली, फक्त गेस्ट पडला. खऱ्या यंत्रावर प्रोसेसरला एकामागोमाग तीन चुका सावरता आल्या नाहीत तर यंत्र रीसेट होतं. हायपरवायजरखाली त्याच ‘ट्रिपल फॉल्ट’ने गेस्ट बाहेर फेकला जातो आणि होस्ट शाबूत राहतो. व्हर्च्युअलबॉक्स अशा गंभीर अवस्थेत ‘गुरू मेडिटेशन’ असा संदेश दाखवतो. हे नाव त्याने जुन्या अमिगा संगणकाच्या चुकीच्या संदेशावरून घेतलं आहे. इथे हमी पाळली गेली आहे. उत्तर त्या मशीनच्या लॉगमध्ये आणि गेस्टच्या आत शोधायचं.

दुसरी, हायपरवायजरची प्रक्रिया पडली, होस्ट चालूच आहे. लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवणारा क्यूईएमयू अचानक नाहीसा झाला तर कर्नलच्या लॉगमध्ये स्मृती संपल्याची नोंद आधी पाहावी. रॅम संपली की कर्नल सर्वांत जड प्रक्रिया निवडून मारतो, आणि व्हर्च्युअल मशीनपेक्षा जड प्रक्रिया सहसा दुसरी नसते.

तिसरी, होस्टचा कर्नल पडला, पण मागे काही ठेवून गेला : विंडोजची निळी स्क्रीन, लिनक्सचं पॅनिक, व्हीएमवेअरच्या सर्व्हरसाठीच्या ईएसएक्सआयची जांभळी स्क्रीन. इथे डंप फाइल सोन्यासारखी जपायची. ती विंडबग या तपासाच्या साधनात उघडली की निदान संशयित ड्रायव्हरचं नाव कळतं. निळ्या स्क्रीनवरचा कोडही बोलका असतो. १२४ म्हणजे हार्डवेअरनेच न सावरता येणारी चूक कळवली. १०१ म्हणजे एखाद्या कोअरने घड्याळाच्या इंटरप्टला ठरल्या वेळात उत्तर दिलं नाही. २०००१ म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या हायपरवायजरलाच सावरता न येणारी चूक आली. डी१ असेल तर एखाद्या ड्रायव्हरने चालू नये त्या पातळीवर स्मृतीला हात घातला. या चार कोडांचे रस्ते चार दिशांना जातात, तरी तक्रारींत ते सर्रास ‘ब्लू स्क्रीन आली’ एवढ्याच शब्दांत लिहिलेले असतात.

चौथी शक्यता सर्वांत त्रासदायक : यंत्र मुकाट रीस्टार्ट झालं किंवा थिजलं, डंप नाही, लॉग नाही. इथे संशय आधी वीजपुरवठा, उष्णता, रॅम आणि प्रोसेसर यांच्यावर जातो. मात्र एक बारकावा लक्षात ठेवावा. इंटेलचा प्रोसेसर रूट मोडमध्ये असताना ‘इनिट’ हा रीसेटचा इशारा अडवला जातो. म्हणून लिनक्सच्या कर्नलला कोसळतानाही सर्व कोअरांवर व्हर्च्युअलायझेशन आधी बंद करावं लागतं. तसं केलं नाही तर रीस्टार्ट किंवा डंप घेणारा पर्यायी कर्नल मध्येच अडकू शकतो. लॉग नाही म्हणजे दोष हार्डवेअरचाच, असा निष्कर्ष लगेच काढू नये. कर्नलचे संदेश नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राकडे पाठवण्याची सोय लावून पुढच्या वेळची वाट पाहावी.

एका म्यानात दोन तलवारी

पहिलं घर ताब्याच्या भांडणांचं. व्हीटी-एक्स ही एका वेळी एकाच नियंत्रकाने धरायची गोष्ट आहे. एका हायपरवायजरने प्रोसेसर रूट मोडमध्ये नेला की दुसऱ्याने परवानगी न घेता तसाच प्रयत्न करणं धोक्याचं असतं. शहाणा हायपरवायजर आधी खूण तपासतो आणि चुकीचा संदेश देऊन थांबतो. तपासणीत फट राहिली तर होस्ट पडतो.

विंडोजवर हे भांडण बहुतेकदा वापरणाऱ्याच्या नकळत सुरू होतं. हायपर-व्ही आपण कधी चालू केलेलं नसतं. पण २०२० पासून सर्वांपर्यंत पोचलेली विंडोजमधल्या लिनक्स उपप्रणालीची दुसरी आवृत्ती, सँडबॉक्स, ‘मेमरी इंटिग्रिटी’ आणि पासवर्डांचं रक्षण करणारा ‘क्रेडेन्शियल गार्ड’ हे सगळे त्याच हायपरवायजरवर उभे आहेत. नव्याने बसवलेल्या विंडोज ११ मध्ये, हार्डवेअर योग्य असेल तर, यातलं संरक्षण मुळातच चालू असतं. हायपर-व्ही हा प्रकार विंडोजच्या वर बसत नाही. तो खाली बसतो आणि आपण वापरतो ती विंडोजच त्याच्या एका कप्प्यात जाते. मग व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअरला व्हीटी-एक्स उरत नाही.

जुन्या आवृत्त्यांत याचा शेवट नकारात किंवा निळ्या स्क्रीनमध्ये व्हायचा. डिसेंबर २०१८ मधल्या व्हर्च्युअलबॉक्स ६.० पासून आणि मे २०२० मधल्या व्हीएमवेअर वर्कस्टेशन १५.५.५ पासून दोघेही हायपर-व्हीच्या अंगणात त्याच्या परवानगीने चालू शकतात. किंमत वेगाची असते. व्हर्च्युअलबॉक्स अशा वेळी खालच्या पट्टीत हिरवं कासव दाखवतो, आणि लॉगमध्ये तीच अवस्था ‘गोगलगाय मोड’ म्हणून नोंदवतो. कासव दिसत असताना गेस्ट मधूनमधून थिजत असेल तर रॅम तपासण्यात अर्थ नाही. आधी कासव घालवावं.

तपास सोपा आहे. विंडोजच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये शेवटच्या ओळींत हायपरवायजर आढळल्याचा उल्लेख असेल तर तो चालू आहे, मग ‘विंडोज फीचर्स’च्या यादीत हायपर-व्हीची चौकट रिकामी असली तरी. विंडोजच्या बीसीडीएडिट या आज्ञेने हायपरवायजरची सुरुवात बंद करता येते, मेमरी इंटिग्रिटीही बंद करता येते. पण काही कार्यालयीन संगणकांवर हे संरक्षण फर्मवेअरमध्ये कुलूपबंद केलेलं असतं. तिथे आयटी विभागाशी बोलण्यावाचून गत्यंतर नाही. शिवाय हे संरक्षण काढणं म्हणजे सुरक्षिततेचा एक थर काढणं आहे. बँकेचं किंवा कार्यालयाचं काम करणाऱ्या यंत्रावर तो सौदा परवडत नाही. तिथे हायपर-व्हीच वापरावं.

लिनक्सवर हाच प्रश्न अलीकडे नव्या रूपात आला. केव्हीएम २००७ पासून कर्नलचा भाग आहे. पूर्वी ते पहिलं व्हर्च्युअल मशीन सुरू होईपर्यंत व्हीटी-एक्सला हात लावत नसे, त्यामुळे त्याचं मोड्यूल नुसतं चढलेलं असलं तरी व्हर्च्युअलबॉक्स सुखाने चालायचा. नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ कर्नलपासून मोड्यूल चढतानाच ते प्रोसेसर ताब्यात घेऊ लागलं. काल चालणारं मशीन कर्नलच्या अपडेटनंतर ‘दुसरा हायपरवायजर व्हीटी-एक्स वापरत आहे’ असं म्हणू लागलं. उपाय दोन : केव्हीएमचं मोड्यूल उतरवणं, किंवा चढतानाच ताबा घेण्याचा पर्याय कर्नलच्या बूट ओळीत बंद करणं. व्हर्च्युअलबॉक्स पुन्हा बसवून काही साधत नाही.

याच घरात काही अँटिव्हायरसही राहतात. स्वतःच्या संरक्षणासाठी ते हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन वापरतात आणि त्याची चौकट सेटिंग्जमध्ये खोलवर असते. मशीन सुरू होताक्षणी होस्ट पडत असेल तर ही चौकट तपासण्याला पाच मिनिटं लागतात.

फर्मवेअरचं कुलूप

दुसरं घर मदरबोर्डचं. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एक नियंत्रण-नोंद असते, तिच्यात दोन खुणा महत्त्वाच्या : व्हर्च्युअलायझेशनला परवानगी आहे का, आणि ही नोंद कुलूपबंद केली का. बायोस यंत्र सुरू होताना ती लिहितो आणि कुलूप लावतो. पुढच्या रीसेटपर्यंत ऑपरेटिंग सिस्टिमला ती बदलता येत नाही. ‘बायोसने बंद केलं आहे’ हा केव्हीएमचा संदेश इथून येतो.

२००६ च्या ऑगस्टमध्ये योआना रुटकोव्स्का यांनी ‘ब्लू पिल’ दाखवली : चालत्या विंडोजच्या खाली गुपचूप सरकणारा हायपरवायजर. त्या काळात काही लॅपटॉप कंपन्यांनी व्हर्च्युअलायझेशनची सोय बायोसमध्ये बंद करून ठेवली, काहींनी चालू करायचा पर्यायही दिला नाही. विंडोज ७ मधल्या ‘एक्सपी मोड’ला हार्डवेअरची ही सोय लागत होती. प्रोसेसर सक्षम असूनही तो चालत नाही म्हणून अनेक जण अडकले, आणि मार्च २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने ती अटच काढली.

आज पर्याय मिळतो, तरी दोन खोडी उरल्या आहेत. एक, काही फर्मवेअर ही नोंद सर्व कोअरांवर सारखी लिहीत नाहीत. मग व्हर्च्युअल मशीन एका कोअरवर सुरू होतं आणि दुसऱ्यावर सरकलं की अडतं. दोन, स्लीपमधून जागं होताना काही फर्मवेअर ती नोंद पुन्हा लिहायला विसरतात. ‘सकाळी नीट चालतं, लॅपटॉप मिटून उघडला की बिघडतं’ अशी तक्रार असेल तर बोट इथे ठेवावं. दोन्हींवर उपाय बायोस अद्ययावत करण्याचा. बायोसमधला पर्याय बदलल्यावर नुसतं रीस्टार्ट न करता यंत्र पूर्ण बंद करून, वीज काढून पुन्हा सुरू करावं. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर नेहमीचं शटडाउन पूर्ण नसतं, हेही ध्यानात असू द्यावं.

कर्नलमध्ये बसलेले परके

तिसरं घर ड्रायव्हरांचं. व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअरची खिडकी साध्या प्रोग्रॅमसारखी दिसते, पण तिचा कणा होस्टच्या कर्नलमध्ये बसलेला ड्रायव्हर असतो. गेस्टची रॅम होस्टच्या स्मृतीत बांधून ठेवणं, प्रोसेसर दोन जगांत फिरवणं, नेटवर्कच्या पाकिटांना मध्येच अडवणं ही कामं तिथून होतात. त्यातली एक चूक संपूर्ण होस्टला पाडायला पुरेशी असते.

इथला सर्वांत नेहमीचा प्रसंग आवृत्त्यांच्या विसंगतीचा : कर्नल पुढे गेला, ड्रायव्हर मागे राहिला. लिनक्स ५.१८ मध्ये इंटेलच्या नव्या प्रोसेसरांसाठी अप्रत्यक्ष उड्यांवर पहारा ठेवणारी सोय आली. कर्नलबाहेरून येणारी मोड्यूलं त्या पहाऱ्यासाठी बांधलेली नव्हती. ज्या वितरणांनी ही सोय चालू केली त्यांवर अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल यंत्रांत व्हर्च्युअलबॉक्सचं मोड्यूल चढताच कर्नल चूक देऊ लागला. सोय तात्पुरती बंद करणं हा मधला मार्ग होता, ड्रायव्हरची नवी आवृत्ती हा कायमचा.

नेटवर्कचे ड्रायव्हर या घरातले जुने भाडेकरू आहेत. ईएसएक्सआयच्या ५.० आणि ५.१ च्या काळात गेस्टला ई१००० जातीचं नेटवर्क कार्ड दिलं असेल तर होस्टला जांभळी स्क्रीन येण्याची समस्या व्हीएमवेअरने मान्य केली होती. अपडेट मिळेपर्यंतचा उपाय होता कार्डाची जात बदलून व्हीएमएक्सनेट३ देणं. एका गेस्टच्या कार्डापायी त्या होस्टवरची सगळी मशीनं खाली येत. यातून घ्यायचा धडा आजही लागू आहे : होस्ट पडत असेल तर गेस्टला दिलेली आभासी उपकरणं एकेक करून साधी करत जावं. ध्वनी, यूएसबी, त्रिमिती ग्राफिक्स, ब्रिज केलेलं नेटवर्क ही त्या यादीतली पहिली नावं.

दोषी ड्रायव्हर ओळखायला साधनं आहेत. लिनक्सच्या पॅनिकमध्ये कर्नलवर पडलेल्या डागांची अक्षरं छापलेली असतात. ‘ओ’ म्हणजे कर्नलबाहेरचं मोड्यूल चढलेलं आहे, ‘एम’ म्हणजे हार्डवेअरने चूक नोंदवली आहे. पहिल्या अक्षराने आरोप सिद्ध होत नाही, पण ते मोड्यूल उतरवून पुन्हा पाहायला सांगतं. दुसरं अक्षर दिसलं तर सॉफ्टवेअर सोडून थेट हार्डवेअरकडे वळावं. विंडोजवर ‘ड्रायव्हर व्हेरिफायर’ संशयित ड्रायव्हरांवर कडक पहारा बसवतो आणि त्यांना चुकीच्या क्षणीच पकडून निळी स्क्रीन आणतो. तो लावण्याआधी सेफ मोडमध्ये जायची वाट माहीत असावी, नाहीतर यंत्र सुरूच होत नाही.

खुद्द प्रोसेसर चुकतो तेव्हा

चौथं घर सर्वांत कमी वेळा लागतं, पण सर्वांत जास्त शिकवतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये उघड झालेल्या दोन त्रुटींत गेस्ट मुद्दाम अशी रचना करू शकत होता की अलाइनमेंटची किंवा डीबगची चूक कळवतानाच पुन्हा तीच चूक घडावी. प्रोसेसर आपल्याच मायक्रोकोडमध्ये न संपणाऱ्या फेऱ्यात अडकायचा, त्या कोअरवर होस्टला वळूनही येता येत नसे. झेन आणि केव्हीएम या दोघांनीही या चुका स्वतः अडवायला सुरुवात करून फेरा तोडला.

नोव्हेंबर २०१९ मधली सीव्हीई-२०१८-१२२०७ ही त्रुटी त्याहून बोधप्रद. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत सूचनांचे पत्ते लक्षात ठेवणाऱ्या टीएलबीत एकाच पत्त्यासाठी लहान आणि मोठ्या अशा दोन आकारांच्या पानांच्या नोंदी एकदम राहिल्या, तर प्रोसेसर मशीन चेक, म्हणजे हार्डवेअरच्या चुकीचा इशारा, देऊन होस्टला थांबवतो. साध्या यंत्रावर कर्नल अशी वेळ येऊ देत नाही. पण गेस्ट स्वतःची पानं स्वतः बदलतो, आणि दुष्ट गेस्ट ही वेळ मुद्दाम आणू शकतो. केव्हीएमने मोठ्या पानांवरून सूचना चालवायला बंदी घातली. गेस्टने तसा प्रयत्न केला की ते पान चार किलोबाइटच्या तुकड्यांत फोडलं जातं. वेग थोडा गेला, होस्ट वाचला. इथे हायपरवायजरच्या कोडमध्ये एकही चूक नव्हती, आणि तरी दुरुस्ती त्यालाच करावी लागली.

मायक्रोकोड हा इथला उपाय, आणि कधी कधी तोच आजार. २०१६ मध्ये एएमडीच्या पाइलड्रायव्हर पिढीच्या एका मायक्रोकोडमुळे गेस्टमधला सामान्य वापरकर्ता होस्टचा कर्नल अडखळवू शकतो असं आढळलं. एएमडीने सुधारित मायक्रोकोड दिला. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या स्पेक्टर या सुरक्षात्रुटीवरचा उपाय म्हणून आलेल्या मायक्रोकोडमुळे ब्रॉडवेल आणि हॅसवेल यंत्रं अवचित रीस्टार्ट होऊ लागली, आणि २२ जानेवारीला इंटेलनेच तो बसवणं थांबवा असं सांगितलं. म्हणून ‘सगळं अद्ययावत करा’ या सल्ल्याला एक पुरवणी हवी : बिघाड सुरू झाला त्या दिवसाच्या आगेमागे काय अद्ययावत झालं, ते आधी पाहा.

काही दोष व्हर्च्युअलायझेशनचे नसतात, पण हायपरवायजरच्या माथी मारले जातात. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांचं अस्थैर्य २०२४ मध्ये गाजलं. मायक्रोकोड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि प्रोसेसर झिजत होते. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुधारित मायक्रोकोड आले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. या उपायाने पुढची झीज टळते, झालेली भरून येत नाही. असा प्रोसेसर व्हर्च्युअल मशीनच्या ताणाखाली पडला तर दोष व्हीटी-एक्सचा नसतो. सर्व्हरच्या जगातली खोड आणखी विलक्षण. एएमडीच्या ईपिक ७००२ मालिकेत शेवटच्या रीसेटनंतर सुमारे १०४४ दिवसांनी एखादा कोअर गाढ झोपेतून उठत नाही. जवळपास तीन वर्षं अभिमानाने न थांबलेला होस्ट एके दिवशी थिजतो. त्याआधी एकदा रीस्टार्ट करणं किंवा ती गाढ झोप बंद ठेवणं, एवढाच उपाय.

उपकरणं, रॅम आणि उष्णता

पाचव्या घरात दोन प्रकारचे रहिवासी आहेत. पहिला, गेस्टला थेट दिलेलं उपकरण. ग्राफिक्स कार्ड किंवा नेटवर्क कार्ड गेस्टच्या हवाली करायचं तर व्हीटी-डी किंवा एएमडीचं आयओएमएमयू त्याला कुंपण घालतं. नाहीतर ते कार्ड होस्टच्या स्मृतीत कुठेही लिहू शकेल. कुंपणातही भगदाडं निघाली आहेत. इंटेलच्या ५५०० आणि ५५२० चिपसेटांत इंटरप्टच्या फेरवाटपात हार्डवेअरचाच दोष होता आणि लिनक्सने त्या चिपसेटांवर ती सोय बंद केली. एएमडीच्या काही ग्राफिक्स कार्डांचा ‘रीसेट बग’ हौशी मंडळींत कुप्रसिद्ध आहे : गेस्ट एकदा बंद करून पुन्हा सुरू केला की कार्ड मूळ अवस्थेत येत नाही आणि होस्टलाही घेऊन बसतं. थेट दिलेलं उपकरण काढल्यावर होस्ट पडायचा थांबला, तर तपास तिथेच केंद्रित करावा.

दुसरा प्रकार साधाच. व्हर्च्युअल मशीन एकदम कित्येक गिगाबाइट रॅम धरून ठेवतं आणि सगळे कोअर कामाला लावतं. एरवी कुणी न वापरलेल्या रॅमच्या कोपऱ्यातला दोष त्यामुळे उघड होतो. मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवणं, एक्सएमपीने वाढवलेला रॅमचा वेग मूळ पदावर आणणं, ओव्हरक्लॉक काढणं, पंख्यातली धूळ झाडणं हे उपाय नीरस आहेत, पण स्वस्त आहेत. कोड १२४ किंवा ‘एम’ची खूण असेल तर ते सर्वांत आधी करावेत. एक कसोटी उपयोगी पडते : हायपरवायजर न वापरता, सगळ्या कोअरांवर आणि रॅमवर तेवढाच ताण देणारा प्रोग्रॅम चालवून पाहावा. यंत्र तिथेही पडलं तर हायपरवायजर निर्दोष सुटतो.

तपासाचा क्रम

एवढ्या आढाव्यातून हाताशी येणारा क्रम असा. पडलं कोण, ते ठरवा आणि डंप, कोड, लॉग यांतलं जे मिळेल ते बाजूला काढा. दुसरा कुणी हायपरवायजर चालू आहे का ते तपासा. ही तपासणी फुकट आहे आणि घरगुती यंत्रांवर तिथेच उत्तर सापडण्याची शक्यता जास्त. मग बिघाडाच्या दिवसाच्या आसपास कर्नल, विंडोज, ड्रायव्हर, बायोस, मायक्रोकोड यांपैकी काय बदललं ते पाहा आणि ते एकच मागे घ्या. त्यानंतर आभासी आणि थेट दिलेली उपकरणं कमी करा, गेस्टला एकच कोअर द्या, नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन (गेस्टच्या आत आणखी एक हायपरवायजर) चालू असेल तर बंद करा. शेवटी रॅम, उष्णता आणि वीज. कोड १२४ किंवा मुकाट रीस्टार्ट असेल तर हा क्रम उलटा लावा. कुठल्याही पायरीवर एका वेळी एकच बदल करा. तीन बदल एकदम करून यंत्र चालू लागलं, तर पुढच्या वेळी पुन्हा तिन्ही करावे लागतात, कारण कामी आलेला कोणता होता ते कळलेलं नसतं.

‘व्हीटी बंद करा’ या सल्ल्याची जागाही आता ठरवता येते. ती एक चांगली चाचणी आहे. बंद केल्यावर कोसळणं थांबलं, तर बिघाड व्हर्च्युअल मशीन चालण्याशी किंवा त्याच्या ताणाशी निगडित आहे एवढं कळतं. थांबलं नाही तर संशय हार्डवेअरकडे किंवा इतर ड्रायव्हरांकडे वळतो. त्यापलीकडे ती काही बरं करत नाही. उलट व्हीटी बंद ठेवली की विंडोजचं स्मृतीचं संरक्षणही जातं.

एवढं करूनही उत्तर मिळालं नाही तर बनवणाऱ्यांकडे तक्रार नोंदवावी. तिच्यात प्रोसेसरचं पूर्ण नाव, मायक्रोकोडचा आणि बायोसचा क्रमांक, होस्ट आणि गेस्टच्या नेमक्या आवृत्त्या, त्या व्हर्च्युअल मशीनचा न छाटलेला लॉग, डंप किंवा निळ्या स्क्रीनचा कोड, आणि ‘नेमकं काय केलं की पडतं’ हे एका वाक्यात असावं. वर सांगितलेल्या दोषांपैकी बहुतेक कुणीतरी अशीच तपशीलवार नोंद केली म्हणून दुरुस्त झाले. ‘व्हर्च्युअल मशीन चालू केलं की संगणक बंद पडतो’ एवढ्या वाक्यावर जगातला कोणताही अभियंता काही करू शकत नाही.